चिखल, चाक आणि ओसरी

सायकलीवरून दूरचा प्रवास करणाऱ्यास चढापेक्षा चिखल अधिक छळतो. यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगीच्या बाजूस पावसाळ्यात डांबरी रस्ता सोडून पांदणीस लागताच याचा प्रत्यय येतो. तेथील काळ्या जमिनीतील चिकणमाती पाणी पिऊन फुगते, चाक व मडगार्ड यांमध्ये ठासून बसते आणि चाक फिरेनासे होते. काठीने माती उकरावी, चार पावले जावे, पुन्हा उकरावी. अखेर वाहनच स्वाराच्या खांद्यावर चढते! जाणता प्रवासी मडगार्ड आधीच काढून ठेवतो. कपडे माखतात, पण चाक चालते.

अशा दिवशी अंधारापूर्वी कोणाची तरी ओसरी गाठणे एवढेच ध्येय उरते. १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईहून सायकलींवर निघालेल्या सहा पारशी तरुणांपैकी आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगारा हे तिघे पृथ्वीप्रदक्षिणा करून १९२८ च्या मार्चमध्ये परतले. इतकी वर्षे पुरेल एवढा शिधा सायकलीवर कोण वाहून नेणार?

वऱ्हाडी यजमान भिजलेल्या पाहुण्यास आधी चुलीजवळ बसवितो, चौकशी भाकरीनंतर. पाहुण्यानेही सारवलेल्या ओसरीवर चिखलाचे चाक चढवू नये. सकाळी निघताना पुढल्या नाल्याचे पाणी यजमानासच विचारावे, आणि तो थांबा म्हणाला तर मुकाट्याने थांबावे.