आईच्या हाताला कळेल असे यंत्र

झाशीच्या रेल्वेस्थानकापलीकडे वसलेली आमची सीपरी बाजारची वस्ती, जिच्या नावात शिवपुरीचे जुने नाव अद्याप शिल्लक आहे आणि जिच्या टेकडीवर मेजर ध्यानचंदांचा पुतळा उभा आहे, पुण्यामुंबईच्या आप्तेष्टांना ठाऊक असते ती तिच्या उन्हाळ्यासाठी. परंतु वैशाखात ज्या भिंती मध्यरात्रीपर्यंत धगधगतात त्याच पौषात ऊन ओसरताच गार पडतात, आणि पारा चार-पाच अंशांवर उतरला म्हणजे नेवाळकरांच्या अमदानीपासून या मुलखात रुजलेली मराठी घरेही रजईतून उठावे कसे याच विवंचनेत पहाट घालवितात.

सबंध घर तापविण्याची येथे चाल नाही. शेगडी ज्या खोलीत नेली ती खोली उबदार, बाकीचे घर थंड, असा पूर्वीचा व्यवहार. बंद खोलीत कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडने माणसे झोपेतच दगावतात हे कळूनही तो पुरता सुटलेला नाही. आईच्या खोलीत आता तेलाचा हीटर असतो. त्याच्या चकतीवर अंश नाहीत, केवळ १ ते ६ असे आकडे आहेत. आत दोन भिन्न धातूंची सांधलेली पट्टी असून, एक धातू अधिक प्रसरण पावला की ती वाकते, ‘टक्’ असा आवाज होतो आणि प्रवाह तुटतो. उणीव ही की ती पट्टी हीटरच्या अंगाशीच असते. पाच हातांवर खाटेवर निजलेल्या आईच्या थंडीची वार्ता तिच्यापर्यंत पोचत नाही. बिनतारी थर्मोस्टॅटचे प्रयोजन हेच, की तापमान मोजणारा भाग खाटेजवळ बसावा, प्रवाह जोडणारा-तोडणारा भाग हीटरजवळ, आणि दोहोंत निरोप जावा रेडिओलहरींनी.

खोलीनिहाय उष्णतेचा हा विचार एका शिक्षकाला सुचला. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधील व्हाइटवॉटरच्या अध्यापक विद्यालयात वॉरन जॉन्सन शिकवीत, तेव्हा शिपाई वर्गावर्गांत येऊन थंडी अजमावी व तळघरात जाऊन झडपा फिरवी. या व्यत्ययास कंटाळून त्यांनी वर्गातून तळघरात विजेने वर्दी देणारे यंत्र रचले आणि १८८३ साली त्याचे पेटंट मिळविले.

माझ्या धाकट्या बहिणीच्या मँचेस्टरच्या घरी ही व्यवस्था पूर्णत्वास गेली आहे. बॉयलरचे तापलेले पाणी खोल्याखोल्यांतील रेडिएटरांतून फिरते, आणि प्रत्येक झडपेवरचे बॅटरीचे यंत्र त्या खोलीपुरते पाणी सोडते वा अडविते. आई तेथे एका हिवाळ्यात राहिली. साऱ्या खोल्यांचा कारभार जावयांच्या फोनवर होता. दिवसा घरात कोणी नाही असे वेळापत्रक धरून चाले, आणि आई दोन शाली पांघरून, भिंतीवरल्या त्या काळ्या गुळगुळीत काचेला हात लावावा की नाही या संकोचात, तासन्‌तास बसून राही. तिने तक्रार केली नाही. मला ते फार उशिरा कळले, आणि तेव्हापासून असे यंत्र घरातील सर्वांत वृद्ध माणसाच्या हाती देऊन मगच विकत घ्यावे, असे माझे ठाम मत झाले.

बोटांना खाचा लागतील अशी चकती, चष्म्याविना वाचता येणारे आकडे आणि वेळापत्रक काहीही असो, ‘आता ऊब हवी’ हा हुकूम एका दाबाने देण्याची मुभा, एवढे आधी पाहावे. फोन दिमतीला असावा, मुखत्यार नसावा. गूगलने २५ ऑक्टोबर २०२५ पासून नेस्टच्या पहिल्या दोन पिढ्यांच्या थर्मोस्टॅटांची फोनवरून चालविण्याची सोय काढून घेतली, तेव्हा भिंतीवरच्या चकतीनेच त्या घरांचे काम चालू ठेवले. साधे पेन्सिल-सेल चालतात काय, ते संपण्यापूर्वी सूचना मिळते काय, आणि संदेश तुटल्यास हीटर बंद होतो की चालूच राहतो, हे दुकानदारास निक्षून विचारावे. जाड भिंतींतून वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरींपेक्षा ८६५ मेगाहर्ट्‌झच्या आसपासच्या लहरी अधिक सुखरूप पोचतात, ही गोष्ट आमच्यासारख्या जुन्या घरांत विशेष महत्त्वाची.

येथील हीटरबाबत एक ताकीद आवश्यक आहे. २५०० वॅटचा हीटर सुमारे ११ अँपिअर प्रवाह ओढतो. १० अँपिअरचा ‘स्मार्ट’ प्लग त्यास पुरत नाही, १६ अँपिअरचाच पॉवर पॉइंट व तेवढ्याच क्षमतेचे नियंत्रण हवे. हीटरच्या पुस्तिकेत बाह्य नियंत्रणास मनाई नाही ना, हे आधी वाचावे. लालबुंद रॉडचा हीटर वा ब्लोअर मात्र कोणी जवळ नसता आपोआप सुरू होईल अशा व्यवस्थेस कदापि जोडू नये. पडदा वा रजईचे टोक त्यावर गेल्यास अनर्थ ओढवतो.

आमच्या घरी मोजणारा भाग खिडकीपासून दूर, आतल्या भिंतीवर, खाटेवर बसल्या बसल्या आईचा हात पोचेल इतक्या उंचीवर लावला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली थंड हवामानातील घरांसाठी किमान १८ अंशांची शिफारस केली, वृद्धांना त्याहून अधिक लागू शकते असेही म्हटले; आईने स्वतःच चकती फिरवीत फिरवीत २१ वर थांबविली, आणि त्या खुणेपाशी कुंकवाचे बोट टेकविले.