गोळीचे कवच मोडू नका



गेल्या पावसाळ्यात आमच्या बांद्यातील शेजारच्या आजी पडवीत चक्कर येऊन पडल्या. रक्तदाबाची गोळी मोठी, गिळवत नव्हती. म्हणून सुनेने ती मायेने खलबत्त्यात कुटून मधातून दिली होती. वेळीच दवाखान्यात नेले म्हणून निभावले. डॉक्टर म्हणाले, "औषध बरोबर होते. ते कुटले, हे चुकले."

असे का झाले, ते पाहू. पोफळीला कोळेरोग लागू नये म्हणून आपण मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारतो आणि त्यात राळेच्या साबणासारखे चिकटद्रव्य घालतो. चिकटद्रव्य बुरशी मारीत नाही; पण ते नसेल तर पावसाच्या सरीबरोबर औषध घडावरून धुऊन जाते. गोळीचेही तसेच आहे. रक्तदाबाच्या एखाद्या गोळीत औषध अवघे ५ मिलिग्रॅम असते. बाकी भर असते ती मक्याच्या स्टार्चची, दुधातील साखरेची. गोळी साच्याला चिकटू नये म्हणून मॅग्नेशियम स्टिअरेट ही तुपकट पूड घालतात; तीही शंभरात बहुधा एखादाच भाग.

या पदार्थांनी रोग बरा होत नाही, म्हणून त्यांना निष्क्रिय म्हणतात. पण ही तुपकट पूड मिश्रणात गरजेपेक्षा जास्त वेळ घोटली गेली, तर ती कणाकणावर पसरते. मग अळवाच्या पानावरून घरंगळावे तसे पाणी बाहेरच राहते आणि गोळी उशिरा विरघळते. वजनात मात्र काहीच फरक दिसत नाही. म्हणून शास्त्रज्ञ गोळीच्या पृष्ठभागावर क्ष-किरण सोडतात आणि तेथून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजतात. केसाच्या जाडीचा सुमारे दहा हजारावा भाग, एवढ्या पातळ थरात कोणती मूलद्रव्ये आहेत, हे त्यावरून कळते.

आतली भर बदलली तरी परिणाम होतो. १९६८ साली ऑस्ट्रेलियात फेफऱ्यावरील फेनिटॉइनच्या कॅप्सूलमध्ये कॅल्शियम सल्फेटऐवजी दुधातील साखर भरली गेली. औषध तेवढेच होते. पण ते रक्तात जास्त उतरू लागले आणि रोग्यांना त्याची बाधा झाली.

तेव्हा घरी एवढे सांभाळा. काही गोळ्यांचे कवच जठरातील आम्लात टिकून आतड्यात विरघळावे असे केलेले असते. काही गोळ्या दिवसभर थोडे थोडे औषध सोडतात. आजींची गोळी यातलीच. ती कुटली की दिवसभराचे औषध एकदम अंगात भिनते. गिळवत नसेल तर डॉक्टरांना सांगा, ते दुसरा मार्ग काढतील. मधोमध रेघ असली तरी विचारूनच मोडा.

मृगापासून आपल्याकडची हवा ओली. स्टार्च ओल ओढतो आणि गोळी फुगते. म्हणून सगळ्या गोळ्या पाकिटातून काढून एका डब्यात भरू नका. घेतेवेळीच पाकीट फोडा. चुलीजवळच्या फळीवर ती ठेवू नका.

बियाणे जपता, तशीच गोळीही जपा. आजी आता बऱ्या आहेत. डॉक्टरांनी त्यांना गिळता येईल अशी लहान गोळी दिली आहे आणि खलबत्ता पुन्हा मसाल्यापुरताच उरला आहे.