मार्क मुखोद्गत करताना

बायबलमधली गोष्ट सांगायला शिकायची तर मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करावी. चारही शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान, १६ अध्यायांचे. इंग्रज नट अ‍ॅलेक मॅककोवेन यांनी १९७८ मध्ये किंग जेम्स भाषांतरातला हा अख्खा मजकूर एकट्याने रंगमंचावर सांगितला.

पहिला पाठ पाचव्या अध्यायातला घ्या. आपली मुलगी मरणाच्या दारात आहे म्हणून याईर नावाचा एक बाप येशूच्या पाया पडतो. सगळे निघतात, तोच १२ वर्षे रक्तस्रावाने पिडलेली एक बाई गर्दीतून मागून येऊन त्याच्या वस्त्राला शिवते. येशू थांबतो, तिच्याशी बोलतो. तेवढ्यात मुलगी गेल्याचा निरोप येतो. तिचे वयही १२. हा खोळंबा बापाच्या जागी उभे राहून सोसल्याशिवाय ही गोष्ट सांगताच येत नाही. म्हणून आधी प्रसंग वेगळे करा, कोण कुठे उभे आहे ते ठरवा आणि मग मोठ्याने म्हणा. मनातल्या मनात केलेले पाठांतर श्रोत्यांसमोर हमखास दगा देते. शेवटी येशू मेलेल्या मुलीला उठवतो आणि तिला खायला द्यायला सांगतो. ते वाक्य गाळू नका, आणि त्यानंतर तात्पर्यही जोडू नका.

मराठीत सरावासाठी बायबलमधली गोष्ट सांगणारे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ आहेच. १६१६ मध्ये राचोलला छापलेल्या या ग्रंथात सुमारे ११ हजार ओव्या आहेत. गोव्यातल्या चर्चमध्ये त्या मोठ्याने म्हटल्या जात.