'जेव्हा' आहे, मग 'तेव्हा' कुठे गेलं?

लोकलच्या गर्दीत ज्यांना नीट ऐकू येत नाही, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायलाच आवडतं, त्यांच्यासाठी आजचा भाग लिखित स्वरूपात. विषय आहे शब्दांची निवड. लेखक एक शब्द उचलतो, दुसरा बाजूला ठेवतो, आणि तेवढ्यात न बोलता बरंच काही सांगून जातो. ते नेमकं कसं होतं?

आधी एक साधं वाक्य घेऊ, माझंच बनवलेलं. "आईने चहाचे तीन कप काढले, मग एक परत आत ठेवला." बस, एवढंच. घरातलं कुणीतरी आता नाहीये, हे कळलं ना तुम्हाला? मी ते कुठेही लिहिलेलं नाही. "आईने चहाचे दोन कप काढले" असं लिहिलं तर चहा तेवढाच होतो, पण गोष्ट गायब होते.

मी दिवसभर कोड लिहितो. कॉम्प्युटरला सगळं सांगावं लागतं, तो स्वतःहून काही समजून घेत नाही. वाचकाचं उलटं असतं. त्याला थोडं सांगितलं की उरलेलं तो स्वतःच्या आयुष्यातून भरतो. पण कोडिंगमधली एक सवय वाचताना फार कामाला येते. बग शोधताना आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलतो, बाकी सगळं तसंच ठेवतो, आणि काय मोडतं ते बघतो. हेच आज मराठीतल्या तीन पुस्तकांच्या नावांवर करून बघू. फक्त नावांवर, आतल्या पानांवर नाही.

पहिलं पुस्तक बाबुराव बागुलांचं, 'जेव्हा मी जात चोरली होती', १९६३ साली आलेला कथासंग्रह. आता 'चोरली' काढा आणि 'लपवली' टाका. घटना तीच राहते. पण 'लपवली' म्हटलं की एक घाबरलेला माणूस दिसतो आणि आपल्याला त्याची दया येते. 'चोरली' म्हटलं की तो थेट आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो. मराठीत 'चोरणे'चा अर्थ लपवणे असाही होतो. आपण अंग चोरतो, नजर चोरतो. त्यामुळे दोन्ही अर्थ एकदम ऐकू येतात. मग प्रश्न पडतो, स्वतःचीच जात, तिची चोरी कशी होईल? चोरी ठरवली कुणी? ज्या समाजाला या माणसाला साधी राहायला खोली मिळणंही गुन्हा वाटतो, त्या समाजाची नजर त्या एका क्रियापदात आली आहे. लेखकाला वेगळं भाषण करावं लागलं नाही.

अजून एक गंमत बघा. मराठीत 'जेव्हा' आलं की मागून 'तेव्हा' येतंच. इथे ते नाहीये, वाक्य अर्धंच सोडलंय. तेव्हा काय झालं? ते कळायला कथा वाचावी लागते. आणि 'होती'मुळे एवढं आधीच कळतं की ती चोरी आता मागे पडली आहे, नंतर काहीतरी घडून गेलं आहे.

जेरी पिंटो यांनी २०१८ मध्ये या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद केला, 'व्हेन आय हिड माय कास्ट'. म्हणजे 'लपवली'. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. इंग्रजीत 'चोरली' शब्दशः नेलं असतं तर वाचक गोंधळला असता. पण दोन्ही नावं शेजारी ठेवली की मराठी शब्द किती वजन उचलत होता ते स्वच्छ दिसतं.

आणि हे जुनं झालं असं वाटत असेल, तर भाड्याने फ्लॅट शोधलेल्या कुठल्याही मित्राला विचारा. "आडनाव काय तुमचं?" तीन शब्द. खरा प्रश्न त्यात कुठेच नाही, आणि तरी तो दोघांनाही ऐकू आलेला असतो. न बोललेला अर्थ फक्त पुस्तकात राहत नाही.

दुसरं पुस्तक शरणकुमार लिंबाळे यांचं आत्मकथन, 'अक्करमाशी', १९८४. सोनाराच्या जुन्या मापात १२ मासे म्हणजे १ तोळा. अकरा मासे म्हणजे एक मासा कमी, तोळा पुरा भरत नाही. लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलाला लोक या शब्दाने हिणवायचे. लिंबाळ्यांची आई महार समाजातली, वडील सवर्ण. आता इथे 'अनौरस' टाकून बघा. अर्थ कोशात जुळतो, पण तो सरकारी कागदावरचा थंड शब्द आहे. 'अक्करमाशी'त माणूस तराजूत टाकलेला दिसतो, आणि लगेच मनात येतं, तराजू धरलाय कुणी? इंग्रजी अनुवादाचं नाव 'द आउटकास्ट' आहे. त्यात जातीबाहेर टाकलेलं कळतं. वजन करून कमी भरल्याचं कळत नाही.

तिसरं पुस्तक 'कोल्हाट्याचं पोर', १९९४. 'पोर'च्या जागी 'मुलगा' ठेवा. सभ्य झालं, पण सपाट झालं. 'पोर'मध्ये माया असते आणि तुच्छताही असते, कोण कुठल्या सुरात हाक मारतंय त्यावर ते ठरतं. आता लेखकाचं नाव वाचा: किशोर शांताबाई काळे. आपल्याकडे मधलं नाव बापाचं असतं, प्रत्येक फॉर्ममध्ये तसा रकानाच असतो. इथे त्या जागी आईचं नाव आहे. पान उघडायच्या आधीच मुखपृष्ठाने केवढी गोष्ट सांगितली! किशोर काळे शिकून डॉक्टर झाले, पण मुखपृष्ठावर शब्द 'पोर'च ठेवला. इंग्रजी अनुवादाचं नाव आहे 'अगेन्स्ट ऑल ऑड्स'. ते वाचून जिद्दीने जिंकलेल्या माणसाची गोष्ट वाटते. मराठी नाव जिंकण्याबद्दल काहीच बोलत नाही.

तिन्ही नावांत एक धागा आहे. 'चोर', 'अक्करमाशी', 'कोल्हाट्याचं पोर' हे सगळे शब्द दुसऱ्यांनी यांच्यावर फेकलेले. लेखकांनी ते पुसले नाहीत, सौम्यही केले नाहीत. उचलून सरळ मुखपृष्ठावर ठेवले. आता तो शब्द वाचताना मान खाली कुणी घालायची, हे बदललं.

म्हणूनच मोबाइलवर पुस्तकाचा सारांश वाचून काम भागत नाही. सारांशात घटना येतात, आणि त्यात 'चोरली'चं 'लपवली' कधी झालं ते कळतही नाही.

तर या आठवड्यात एवढंच करून बघा. जे काही वाचत असाल, त्यातला खटकलेला किंवा आवडलेला एक शब्द काढा, त्या जागी जवळचा दुसरा ठेवा. काय मोडलं ते आम्हाला लिहून पाठवा. चला, भेटू पुढच्या भागात!