कातडी, खवले आणि बोत

२०२१ च्या ऑगस्टअखेर पालघरजवळच्या मुरबे गावच्या एका बोटीला एकदम १५७ घोळ मासे मिळाले आणि लिलावात त्यांचे सुमारे १ कोटी ३३ लाख रुपये आले. बातमी राज्यभर गाजली. व्यापाऱ्यांचा डोळा मात्र मांसापेक्षा बोतावर होता. बोत म्हणजे माशाच्या पोटातली हवेची पिशवी. तो फाटू न देता हलक्या हाताने काढायचा, वरचा रक्ताळ पापुद्रा सोलायचा, स्वच्छ धुवायचा आणि वाळवायचा. वाळला की पिवळसर, अर्धपारदर्शक दिसतो आणि परदेशी बाजारात चढ्या भावाने जातो. रसायनशास्त्राच्या नजरेतून पाहिलं तर हा बोत म्हणजे बहुतांशी कोलॅजन. औषधांच्या दुकानांत ‘मरीन कोलॅजन’च्या चकचकीत बरण्या येण्याच्या कितीतरी आधीपासून कोळीवाड्यांत त्याचा व्यवहार चालू आहे.

युरोपातही हा व्यवहार जुनाच. रशियातल्या स्टर्जन माशाचे बोत इंग्लंडमधले बिअरवाले घेत. गढूळ बिअर त्याने नितळ होई. आम्लात विरघळलेल्या कोलॅजनवर धन विद्युतभार असतो, यीस्टच्या पेशींवर ऋण. दोघं एकमेकांना धरतात आणि गोळा होऊन तळाशी बसतात. रशियन माल महाग पडे. १७९५ मध्ये विल्यम मर्डॉकने (गॅसच्या दिव्यांचा जनक तोच!) कॉड माशापासून स्वस्त पर्याय काढला आणि लंडनच्या बिअरवाल्यांनी त्या हक्कासाठी त्याला २,००० पौंड मोजले. ‘गिनेस’सारख्या कंपनीने माशाचा हा वापर सोडला तो अगदी अलीकडे, गेल्या दशकात.

थोडी पार्श्वभूमी द्यायलाच हवी, म्हणून घाईघाईने. कोलॅजन हे कातडी, हाडं आणि स्नायुबंध यांना घट्टपणा देणारं प्रथिन. तीन साखळ्यांचा एकमेकींभोवती पीळ, ही त्याची रचना १९५४-५५ मध्ये मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी मांडली, तीही कांगारूच्या शेपटीतल्या स्नायुबंधावर काम करून. उद्योगाला कोलॅजन गाईगुरांपासून आणि डुकरांपासून मिळत आलं आहे. १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये ‘मॅड काऊ’ रोग उघडकीस आला, तेव्हापासून माशांकडे लक्ष वळलं. धार्मिक निषेधांचं कारण होतंच.

आता खरी गंमत. कोलॅजनचा पीळ किती उष्णतेला सुटतो, हे मासा कुठल्या पाण्यात वाढला त्यावर ठरतं. उत्तर अटलांटिकच्या कॉडचं काढलेलं कोलॅजन १५ अंश सेल्सिअसच्या आसपासच उलगडू लागतं. तिलापिया, रोहू यांचं तिशीच्या पुढेही टिकतं. पिळाला आधार देणारं हायड्रॉक्सिप्रोलिन थंड पाण्यातल्या माशांत कमी असतं, म्हणून हा फरक. पीळ एकदा सुटला की उरतं ते जिलेटिन. तेही विकलं जातं, पण भाव वेगळा.

म्हणून प्रयोगशाळेतलं काम ४ अंशांवर चालतं. कातडी बारीक कापून सौम्य अल्कलीत भिजवतात. इतर प्रथिनं निघून जातात. खवले किंवा काटे असतील तर त्यांतलं कॅल्शियम आधी काढावं लागतं. मग ॲसेटिक आम्ल, तेही घरातल्या व्हिनेगरपेक्षा थोडं सौम्यच. एक ते तीन दिवसांत कातडी फुगते, विरघळते आणि चिकट द्रव तयार होतो. त्यात मीठ घातलं की इतका वेळ न दिसणारं कोलॅजन पांढऱ्या तंतूंच्या रूपात वर येतं. ते पाहणाऱ्याला पुन्हा पुन्हा पाहावंसं वाटेल!

पण या पद्धतीत पाणी भरपूर लागतं आणि खारट-आम्लयुक्त सांडपाणी मागे उरतं. माशाचा कचरा वापरला एवढ्यावर ‘पर्यावरणपूरक’ अशी चिठ्ठी डकवणाऱ्यांना हे पाणी कुठे गेलं, असं जरूर विचारावं. बरण्यांतल्या कोलॅजन पावडरीचा धंदा मात्र बहुधा गरम पाणी आणि एन्झाइम वापरतो. पीळ टिकवायचा नसतोच, लहान तुकडे म्हणजे पेप्टाइड हवे असतात.

काढण्याची सगळ्यात हुशार पद्धत मात्र आइसलंडमध्ये सापडते: काढायचंच नाही! ईसाफ्योर्दुर या चिमुकल्या बंदरगावातली ‘केरेसिस’ कंपनी कॉडच्या कातडीतल्या पेशी धुऊन काढते आणि कोलॅजनची जाळी जागच्या जागी ठेवते. हा तुकडा न भरणाऱ्या जखमेवर लावला की रुग्णाच्या पेशी त्या जाळीत वाढतात. सस्तन प्राण्यांच्या ऊतींवर विषाणूंच्या भीतीने कडक प्रक्रिया करावी लागते. थंड पाण्यातल्या कॉडपासून माणसाला तसा धोका नसल्याने प्रक्रिया सौम्य ठेवता येते आणि कातडीतली ओमेगा-३ मेदाम्लंही टिकतात. २०१३ मध्ये अमेरिकेची परवानगी मिळाली. २०२३ मध्ये डेन्मार्कच्या ‘कोलोप्लास्ट’ने ही कंपनी सुमारे १३० कोटी डॉलरना घेण्याचा करार केला. एरवी फेकली गेली असती अशी कातडी!

आइसलंडचं यश यंत्रांपेक्षा शिस्तीत आहे. तिथे कातडी फिलेटइतक्याच थंडाव्यात आणि वेगळी ठेवतात. मुंडकी भूगर्भातल्या उष्णतेवर वाळवून नायजेरियाला पाठवतात.

आपल्याकडे विद्येचा तुटवडा नाही. कोचीतली केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्था १९५७ पासून काम करते आहे. खवल्यांपासून कोलॅजन पेप्टाइड बनवण्याचं तंत्र तिने विकसित केलं आहे. उष्ण पाण्यातल्या आपल्या माशांचं कोलॅजन उकाड्याला जास्त दाद देत नाही, हा निसर्गाने दिलेला फायदाच. अडतं ते आधीच्या पायरीवर. मच्छी बाजारात खवले, कातडी, आतडी आणि कल्ले एकाच टोपलीत पडतात, वर ऊन. आतड्यांतली एन्झाइम कातडी कुजवायला लागतात, मग त्या टोपलीचं फार तर खत किंवा फिशमील होतं.

वेगळं काढलेल्या मालाला दाम मिळतो, हे मुरब्याच्या बोताने दाखवलंच आहे. पण हाच बोत दुसरीही बाजू दाखवतो. मेक्सिकोजवळच्या कॅलिफोर्नियाच्या आखातात घोळीच्याच कुळातला तोतोआबा नावाचा मासा आहे. त्याच्या बोताला चीनमध्ये इतका भाव की १९७५ पासून मासेमारीवर बंदी असूनही चोरटी जाळी पडतच राहिली. त्या जाळ्यांत अडकून वाकीता ही छोटी पॉर्पॉइज आता दहाच्या आसपास उरली आहे. उपपदार्थ माशापेक्षा महाग झाला की तो उपपदार्थ राहत नाही, शिकारीचं कारण होतो.

कॉडच्या कातडीवर एवढा पैसा येऊनही तसं घडलं नाही, कारण आइसलंडमध्ये किती कॉड धरायचा हे कोटा ठरवतो, कातडीचा भाव नाही. आपल्याकडे कोलॅजनचे कारखाने यायचे असतील तर जरूर यावेत. त्याआधी बाजारात कातडी आणि खवल्यांसाठी बर्फाची वेगळी पेटी यावी, आणि घोळीसारख्या माशांना धरण्याची मर्यादा ठरावी.