लेखकाचा पत्ता

मराठी पुस्तकाचे पहिले पान उलटले की मागच्या बाजूस बारीक टाईपात प्रकाशक, मुद्रक, मुखपृष्ठकार, आवृत्ती व किंमत यांची माहिती असते. तिथेच पुष्कळदा लेखकाच्या घराचा पूर्ण पत्ताही छापलेला आढळतो, अगदी इमारतीच्या नावासह. हा पत्ता खरे म्हणजे वाचकासाठी नसतो. पुस्तकाचे हक्क कोणाकडे आहेत व परवानगी कोठे मागावी, हे कळावे म्हणून तो असतो. परंतु कित्येक वाचकांनी, विशेषतः बारा ते अठरा वर्षांच्या वाचकांनी, त्याचा भलताच उपयोग केला आहे. मीही केला.

आठवीत असताना एका कुमार-कादंबरीच्या लेखिकेला मी पोस्टकार्ड पाठवले. त्यात स्तुती दोन ओळींची आणि तक्रार सहा ओळींची होती. कथेतला मुलगा बेळगावचा, आणि अख्ख्या पुस्तकात तो एकही कन्नड शब्द बोलत नाही, हे कसे? आमच्या हुबळीच्या मराठी शाळेत मधल्या सुट्टीत भांडणसुद्धा अर्धे कन्नडात होते! अडीच महिन्यांनी उत्तर आले. लेखिकेने चूक कबूल केली होती, आणि वर मलाच विचारले होते : भांडताना कन्नडकडे नेमके केव्हा वळता? राग वाढल्यावर की ओसरल्यावर? हे मी कधी मोजले नव्हते. पुढचा आठवडा मी मैदानावर भांडणे ऐकत हिंडले.

वाणिज्य शाखेत आल्यावर या कार्डाकडे मी निराळ्या नजरेने पाहू लागले. वस्तू उत्पादकाकडून ग्राहकाकडे कशी जाते, हे आपण 'वितरणाचे मार्ग' या धड्यात शिकतो. पुस्तकाचा मार्ग लेखक, प्रकाशक, वितरक, दुकानदार, ग्रंथालय आणि मग वाचक असा आहे. माल या वाटेने खाली येतो. पण मत वर चढायला वाट नाही. विक्रीचा आकडा तेवढा परत जातो. तो आकडा किती प्रती गेल्या हे सांगतो. कोणी वाचले, कोठे हसले आणि कोठे कंटाळून पुस्तक मिटले, हे सांगत नाही. कुमारवयीन वाचकाची अडचण तर दुप्पट. त्याचे पुस्तक विकत घेतो बाप आणि निवडतात गुरुजी. म्हणजे ग्राहक एक आणि उपभोक्ता दुसरा! अशा बाजारात लेखकाला खऱ्या वाचकाचा आवाज ऐकायचा असेल, तर मधली सगळी दुकाने ओलांडूनच जावे लागते.

मराठीत हे काम सर्वांत आधी कोणी केले ते मला सांगता येणार नाही, परंतु सर्वांत मनापासून केले ते साने गुरुजींनी, असे माझे मत आहे. १९२४ ते १९३० या काळात ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तेथील छात्रालय सांभाळत. त्या मुलांसाठी ते 'छात्रालय दैनिक' हाताने लिहून काढीत. दैनिक, म्हणजे रोज! वर्गात शिकवून झाल्यावर, मुलांचे आजारपण व खोल्यांची झाडलोट पाहून उरलेल्या वेळात. १९२८ मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' मासिकही सुरू केले. येथे लेखक आणि वाचक एकाच छपराखाली राहत होते. लेखकाच्या मजकुराचा परिणाम सकाळी अंघोळीच्या रांगेत दिसत असणार.

याचा साहित्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध सरळ आहे. 'श्यामची आई' गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. त्या पुस्तकाला प्रकरणे नाहीत, रात्री आहेत, बेचाळीस रात्री. श्याम रोज रात्री मित्रांना गोष्ट सांगतो आणि ते ऐकतात. तुरुंगात लिहिणाऱ्या माणसाने कथेची बैठक अशी घालावी, यात मला छात्रालयाची सवय दिसते. समोर ऐकणारी मुले नाहीत, तर त्याने ती पुस्तकातच आणून बसवली. त्या पुस्तकात अश्रू फार आहेत ही टीका मला थोडी पटते. पण तुटलेल्या संबंधाची भरपाई म्हणून ते वाचले, तर ते रडके वाटत नाही.

भा. रा. भागवतांचा मार्ग वेगळा. त्यांचा फास्टर फेणे, फुरसुंगीचा बनेश, वाचकाच्याच वयाचा, शाळेतला, सायकलवरून हिंडणारा. उपदेश करण्याऐवजी 'ट्टॉक्' असा आवाज काढणारा. मुलांनी लेखकापेक्षा त्यालाच आपला मानले. भागवत २००१ मध्ये गेले. २०१७ मध्ये 'फास्टर फेणे' चित्रपट आला, त्यात खुद्द भागवत हेच एक पात्र आहे. दिलीप प्रभावळकरांनी ते रंगवले. लेखकालाही गोष्टीत जागा मिळाली, हे मला फार आवडले.

आता परदेशातील उदाहरण, कारण ते हिशेबाच्या भाषेत नीट समजते. जॉन ग्रीन हा अमेरिकन लेखक सोळा-सतरा वर्षांच्या वाचकांसाठी कादंबऱ्या लिहितो. २००७ मध्ये त्याने व त्याच्या भावाने, हँकने, एकमेकांना पत्रांऐवजी चित्रफिती पाठवायचे ठरवले आणि त्या इंटरनेटवर सर्वांना खुल्या ठेवल्या. दोन भावांचे घरगुती बोलणे ऐकायला हळूहळू प्रचंड तरुण वर्ग जमला. २०११ मध्ये जॉनने नव्या कादंबरीचे नाव जाहीर केले, 'द फॉल्ट इन अवर स्टार्स', आणि पहिल्या छपाईच्या प्रत्येक प्रतीवर सही करीन असे सांगितले. पुस्तक अजून पुरे झालेले नव्हते, तरी आगाऊ मागणीवरच ते विक्रीच्या यादीत पहिले आले. दीड लाख प्रतींवर त्याने खरोखर सह्या केल्या व जानेवारी २०१२ मध्ये पुस्तक निघाले. आपल्याकडची प्रकाशनपूर्व सवलत याच जातीची. फरक एवढाच, की आपण वाचकाला रुपये सोडतो, त्याने वेळ दिला. जमाखर्चात ज्याला 'गुडविल' म्हणतात, ते चार वर्षांच्या गप्पांतून साठले होते.

पण म्हणून प्रत्येक लेखकाने पडद्यावर यावे काय? मला तसे वाटत नाही, आणि त्याचा पुरावा धारवाडातच आहे. जी. ए. कुलकर्णी जनता शिक्षण समितीच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत. सभासंमेलनांपासून ते दूर राहिले, भेटीगाठी टाळल्या, 'काजळमाया'ला १९७३ मध्ये मिळालेला साहित्य अकादमी पुरस्कारही वादानंतर परत केला. असा माणूस वाचकांना तुटलेलाच असणार, असे आपण म्हणू. परंतु याच माणसाने धारवाडात बसून इतकी पत्रे लिहिली, की त्यांतली निवडक तेवढी घेऊनही चार खंड झाले. पहिल्या खंडातील पत्रे सुनीताबाई देशपांडे यांना लिहिलेली आहेत, आणि सुनीताबाईंची त्यांना गेलेली पत्रे 'प्रिय जी. ए.' या पुस्तकात आहेत. दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत. चेहरा न दाखवता माणूस किती मोकळा होऊ शकतो! या एकांतप्रिय लेखकाने लहानग्या बिम्मची 'बखर बिम्मची'ही लिहिली, हे आपल्या कॉलेजातील अनेकांना ठाऊक नाही.

आमच्यापुरता प्रश्न जरा अडचणीचा आहे. कुमारांसाठी लिहिणारे मराठी लेखक बहुतेक पुण्या-मुंबईकडे. हुबळी-धारवाडच्या मराठी मुलापर्यंत त्यांची पुस्तके उशिरा पोहोचतात आणि लेखक जवळजवळ पोहोचतच नाहीत. कन्नड विभागातील मैत्रिणींशी बोलताना हे जाणवते. शिवराम कारंतांनी १९३६ मध्ये 'बालप्रपंच' लिहिला, हे त्या घरचे सांगावे तसे सांगतात. त्यांचा लेखक त्यांच्याच मुलखातला. आमच्या मुलखात कोणते शब्द चालतात, हे आमच्या लेखकाला कोणीतरी कळवावे लागते. लेखिकेचे ते कार्ड मी जपले ते यासाठी. पुढच्या आवृत्तीत तिने त्या मुलाच्या तोंडी एक कन्नड वाक्य घातले. त्यात एक चूक आहे. तीही मी कळवली.

माझा धाकटा भाऊ इंग्रजी माध्यमात सातवीत आहे. मराठी तो अडखळत वाचतो. गेल्या दिवाळीत मी त्याला फास्टर फेणेचे पुस्तक दिले. चार दिवसांनी त्याने विचारले, "अक्का, हा फेणे सध्या कुठं राहतो?" मी म्हटले, फुरसुंगीला. तो पुस्तकाचे पहिले पान उलटून बारीक अक्षरांवर बोट फिरवू लागला.