दोन रंगांमधला पांढरा

लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते एकत्र येतात. त्यातल्या एका रस्त्यावरच्या कापडदुकानात माझी आई लुगडं घ्यायला बसली की तासभर उठत नसे. 'मावशी, हे बघा' म्हणत दुकानदार इरकलच्या घड्या मोडत जाई. आई आधी काठ बघायची, मग पदर, अंगाचा रंग शेवटी. 'काठ अंगाला धरून नाही' एवढंच म्हणायची आणि घडी बाजूला सारायची. पुढे तीसेक वर्षं मी शाळेत चित्रकला शिकवली, ग्रेड परीक्षांसाठी पोरांकडून शेकडो रंगचक्रं रंगवून घेतली. पण तीन रंगांचा संसार कसा चालतो ते त्या दुकानाच्या गादीवरच समजलं होतं.

रंगचक्राचं पुराण इथे लावत नाही. माझं भांडण त्यातून निघालेल्या एका समजुतीशी आहे. चक्रावर सारख्या अंतरावरचे तीन रंग उचलले की रंगसंगती आपोआप जमते, असं आमच्यातली काही मोठी मंडळी अजून शिकवतात. कोणता रंग किती, कोण कोणाला चिकटलाय, मध्ये कोण उभा आहे, याबद्दल अवाक्षर नाही.

इरकल बघा. लुगडं कर्नाटकातल्या इलकलचं, पण लातूर-उदगीरकडच्या बायकांनी ते आपलंच मानलं. अंग गर्द निळं किंवा हिरवं, काठ लाल, पदरही लाल. पदराचा ताणा वेगळा असतो. तो अंगाच्या ताण्याला फासाफासाने जोडतात, म्हणून लाल तिथे एकदम, ठसठशीत सुरू होतो. नुसते निळा आणि लाल एवढेच राहिले असते तर दोघांनी एकमेकांना काळवंडून टाकलं असतं. त्या लालात पांढरे पट्टे आणि कंगव्यासारखे दाते विणलेले असतात. अख्ख्या लुगड्यात पांढरा तेवढाच, आणि त्याच्यामुळे उरलेले दोघं नीट दिसतात.

पैठणी आणि हिमरूवर दरवर्षी कोणी ना कोणी लिहितंच, ती सोडतो. किनवट-माहूरकडच्या बंजारा भरतकामाला स्वतंत्र लेख लागेल.

घरांचं मात्र सांगायला हवं. आमच्याकडे चुन्याची भिंत, खाली गेरूचा पट्टा आणि सारवलेली जमीन असे तीनच रंग. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात किल्लारी परिसरातली दगडमातीची घरं माणसांवर कोसळली. त्या भिंतींनी जीव घेतले. त्या भिंतींसाठी हळहळायचा हक्क मला नाही. नंतर एका नव्या वसाहतीत करड्या सिमेंटच्या भिंतीला कुणीतरी चुना देऊन खाली गेरू ओढलेला दिसला. मी कितीतरी वेळ त्या घरासमोर उभा होतो.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय. राष्ट्रध्वजाचं खादी कापड आपल्या उदगीरला विणलं जातं. रंगाच्या प्रक्रियेसाठी ते अहमदाबादला जातं आणि नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत ध्वज होऊन उभं राहतं. ज्या मराठवाड्यात निजामाच्या राजवटीत हा झेंडा लावणं गुन्हा होता, ज्याला १५ ऑगस्ट १९४७ नंतरही तेरा महिने, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत, थांबावं लागलं, तिथे तो तयार होतो. हे मी प्रत्येक वर्गाला सांगत आलो.

'तिन्ही पट्टे सारखे. मग तुमचा प्रमाणाचा आग्रह कुठे राहिला?' असं मला एका चर्चेत ऐकवलं गेलं. असं विचारणाऱ्यांनी स्वातंत्र्यलढ्यातला १९२१ चा झेंडा डोळ्यांपुढे आणावा. वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली लाल. लाल आणि हिरवा पूरक रंग, तेही एकमेकांना चिकटलेले. कडेवर डोळा ठरत नाही. १९३१ ला लालाच्या जागी केशरी आला, तो वर गेला आणि पांढरा मध्ये आला. तेव्हापासून केशरी हिरव्याला कुठेही शिवत नाही. रंगांचे अर्थ सगळे सांगतात, या जागेच्या बदलाबद्दल कुणी बोलत नाही. २२ जुलै १९४७ ला संविधान सभेने ध्वज स्वीकारला तेव्हा आधीच्या झेंड्यावरच्या चरख्याच्या जागी चोवीस आऱ्यांचं गडद निळं चक्र आलं, तेही पांढऱ्यावरच. त्या निळ्याला दुसरीकडे जागाच नव्हती.

ध्वजसंहितेतल्या ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने ध्वजासाठी यंत्रावरचं आणि पॉलिस्टरचं कापडही चालू लागलं. घरोघर झेंडा पोचला, त्याचा आनंद आहे. पण २०२२ च्या ऑगस्टमध्ये आमच्या गल्लीत केशरी कुठे नारिंगी, कुठे थेट लाल दिसला. चक्र कुठे लांबट, कुठे पट्ट्याबाहेर आलेलं. एका झेंड्याचा हिरवा पहिल्याच पावसात पांढऱ्यात उतरला होता. खादीच्या ध्वजाला रंगछटेपासून रंगाच्या पक्केपणापर्यंत भारतीय मानकाची कसोटी असते. ती कसोटी घराघरावरच्या झेंड्यालाही लावावी, एवढं माझं मागणं आहे.

मध्यंतरी उदगीरला गेलो होतो. मागावर कोरं कापड होतं. विणणाऱ्या बाईंच्या अंगावर हिरवं इरकल, पदर खोचलेला. मी कापडावरून हात फिरवत विचारलं, 'हे कोणत्या पट्ट्याला जाणार?'

'ते रंगवणारे ठरवतील, सर,' त्या म्हणाल्या. 'आमच्याकडून तिन्ही पांढरेच जातात.'